यंदाची कातरणी

देवगाव फाट्यावर एसटी थांबली आणि खिडकीतून मला आमची मेंढरं दिसली. पाठीवर गेरूचा तांबडा पट्टा, ती आमच्याच घरची खूण. पण अंगावर लोकर नव्हती. कातरणी होऊन गेली होती.

आमच्यात कातरणीला मजूर लावत नाहीत. आदल्या दिवशी मेंढरं ओढ्यात धुवायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या भाऊबंदांनी आपापली कातर घेऊन यायचं. आज तुमचा कळप, उद्या आमचा. मी घरातला पहिला पदवीधर, परभणीत नोकरी करतो. तरी या कामासाठी दरवर्षी रजा काढून गेलो आहे. माझी कातर कपाटात, सर्टिफिकिटांच्या शेजारी असते. कातरणीचं बोलावणं येतं तोवर आपण त्या घरचे, असं मी धरून चाललो होतो.

मी खाली उतरलो. कळपाबरोबर चुलतभाऊ होता. मी शाळेत जावं म्हणून माझ्या वाट्याची मेंढरंही लहानपणी त्यानंच राखली. ते उपकार मी कधी विसरलो नाही.

"कातरणी कवा झाली?"

"झाली की. तुला सुट्टी नसंल म्हनलं."

"निरोप तरी द्यायचा."

"ग्रुपवर सांगितलं व्हतं."

"मी रोज बघतो ग्रुप. कुठं काय होतं?"

तो काठीनं माती उकरायला लागला. "त्या न्हाई. दुसऱ्या."

पहिला ग्रुप मीच तयार केला होता. भाऊबंद कुणी सोनपेठकडं, कुणी पोखर्णीच्या शिवारात. गाठ पडत नाही, तर मोबाइलवर तरी खुशाली कळावी, माणसांनी मोकळं बोलावं, एवढीच इच्छा. पण त्यावर बहुतेक फुलांचे फोटो आणि सुप्रभात. मी लसीकरणाची, शिष्यवृत्तीची माहिती टाकायचो. 'कृपया मनातलं लिहा' अशी विनंती करायचो. उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र यायचं.

भावानं त्याचा मोबाइल माझ्या हातात दिला. दुसऱ्या ग्रुपवर एक अक्षर नव्हतं, नुसते आवाज. कुणाची मेंढी व्याली, चारा कुठं आहे, कोणत्या शेतमालकानं शिव्या घातल्या, कुणाची लेक सासरी खूश नाही. मला हवं होतं ते सगळं तिथं होतं. पुढं एकाचा आवाज आला, अगदी माझ्या चालीत: "सर्व बांधवांना नम्र विनंती, मेंढीचे पाय बांधण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी!" त्यावर खो-खो हसणं. सगळ्यात मोठ्यानं हसत होती माझी काकू, जिनं शाळेत जाताना मला भाकरी बांधून दिली. हसता हसताच ती म्हणाली, "आवं, त्याला टाकू नगा बरं हितं. मंग बोलायची चोरी!"

मी मोबाइल परत दिला. "असं का केलंत?"

"तू वाईट न्हाईस रे. पर तुझ्यापुढं बोलायचं म्हंजी मास्तरापुढं उभं ऱ्हायल्यावानी व्हतंय. तुझ्या ग्रुपवर एकदा काकूनं एवढं तिच्या गुडघ्याचं सांगितलं, तू निस्तं 'धन्यवाद' लिवलंस."

"मग तोंडावर सांगायचं."

"तुला? तोंडावर?" तो हसला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "टाकू का तुला? ह्ये बघ, टाकलं."

परभणीला खोलीवर आल्याबरोबर मी त्या ग्रुपवर आवाज पाठवला. लिहिलं नाही. पहिल्यांदा बोललो ते पुस्तकी वाटलं, पुसलं. दोन-चारदा पुसून शेवटी म्हणालो, "काकू, गुडघा कसा हाय? माझी कातर गंजायलीय, पुढच्या बारीला हाक मारा."

उत्तर आलं, हात जोडलेलं चित्र. मग आणखी एक. सकाळी कुणीतरी झेंडूचा फोटो टाकला, खाली 'सुप्रभात सर'.

तेव्हापासून त्या ग्रुपवर फुलंच येतात. काकूचा आवाज पुन्हा आला नाही. दुसरीकडं कुठंतरी तो येत असणारच. ती गप्प बसणारी बाई नाही.