त्या राज्याने काय राखलं

स्वभावाने मी भांडखोर. कोथिंबिरीच्या जुडीवरून लंडनजवळच्या आमच्या स्लाऊ गावातल्या भाजीवाल्याशी वाद घालणारी बाई. पण त्या महिन्यात मी अगदी भित्री भागूबाई झाले होते. इथे कायमचं राहायचं तर ब्रिटनच्या इतिहासावरची परीक्षा द्यावी लागते. नवरा पास झाला होता, मी राहिले होते. मी पास झाल्याशिवाय नवरा, मी आणि मुलगी अशा आम्हा तिघांचा अर्ज जाणार नव्हता, आणि व्हिसा संपायला अठरा दिवस उरले होते. एवढा उशीर कसा, हे विचारू नका, चालढकल माझीच.

पुस्तकातलं इंग्लंड जमलं. अडायचं ते स्कॉटलंडपाशी. ते एकेकाळी स्वतंत्र राज्य होतं. तिथला राजा वारसाहक्काने इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि लंडनला राहायला आला. तिकडे तो त्या नावाचा सहावा, इकडे पहिला. माणूस एकच. दर तीन वर्षांनी येईन असं सांगून निघाला आणि बावीस वर्षांत एकदाच गेला. हे वाचून मी पुस्तक मिटलं. आईला मीसुद्धा दरवर्षी येईन म्हणूनच सांगितलं होतं.

पुढे शंभरेक वर्षं राजा एक आणि राज्यं दोन असं चाललं. मग त्यांचं पार्लमेंट गेलं आणि स्वतंत्र राज्यही संपलं. इथेच वाढलेली मुलगी तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत माझी उजळणी घ्यायची. "आई, किंगडम गेला, पण त्यांनी स्वतःचा काय ठेवली?"

"कायदे, शाळा आणि चर्च."

"करेक्ट! तू पास होणार."

परीक्षेच्या दिवशी गाडीत नवरा म्हणाला, "अगं, मल्टिपल चॉइसच तर आहे. एवढं काय टेन्शन घेतेस?"

काउंटरवरच्या बाईने माझा पासपोर्ट पाहिला, मग स्क्रीन, मग पुन्हा पासपोर्ट. बुकिंगवर माझं लग्नाआधीचं नाव होतं. ईमेल कॉलेजातलं, त्यामुळे फॉर्मने ते नाव आपोआप भरलं होतं. माझ्या नजरेखालून ते गेलं असणार, पण खटकलं नाही. चोवीस वर्षं ते माझंच तर नाव होतं.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. मला तेव्हा फार मजा वाटली होती. तेच पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव जोडून पासपोर्टवर गेलं. तीन शब्दांत माहेरचं एक अक्षर नाही. हे त्या बाईला कसं सांगणार? "ही मीच आहे," मी म्हणाले. "दोन्ही मीच." ती वाईट नव्हती. पण नाव जुळत नसेल तर आत सोडता येत नाही, म्हणाली.

पार्किंगमध्ये मी हमसून हमसून रडले. नवऱ्याने फोन काढून नव्या तारखा शोधायला घेतल्या.

पुढची तारीख सहा दिवसांनी मिळाली. ते सहा दिवस दारातून टपाल आत पडलं तरी मी दचकायचे. मुलीच्या युनिफॉर्मला इस्त्री करताना वाटायचं, पुढच्या टर्मला ही कुठल्या शाळेत असेल? नवं बुकिंग मात्र मी पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.

या वेळी काउंटरवर एक गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिले, मान हलवली आणि मग स्क्रीनवर बोट ठेवलं. याच पत्त्यावरून मागच्या आठवड्यात आणखी एका बाईंचं बुकिंग होतं, त्या तुम्हीच का, असं त्यांनी विचारलं. मी पाहिलं. माझं माहेरचं अख्खं नाव तिथे होतं, वडिलांच्या नावासकट. हो म्हटलं तर पुन्हा परत पाठवतील, एवढंच डोक्यात आलं.

"नो," मी म्हणाले.

त्यांनी मला आत सोडलं. तिसराच प्रश्न स्कॉटलंडचा निघाला: इंग्लंडशी एक झाल्यावर त्यांनी स्वतःचं काय राखलं? उत्तर तोंडपाठ होतं, तरी मी तो प्रश्न दोनदा वाचला. त्यांनी तीन गोष्टी राखल्या होत्या. माझी एकच होती, आणि ती मी आत्ताच काउंटरवर नाकारून आले होते.

पास झाले. बाहेर येऊन आधी आईला फोन लावला. तिने फोन उचलला आणि मला त्याच नावाने हाक मारली. मला ओ देता येईना.