ठमीच्या बुक्क्या

ठमी नवऱ्याला मारते, हे कुंभवलीजवळच्या सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. नवरा जिवल्या कारखान्यातून रातपाळी करून सकाळी घरी यायचा, आडवा झाला की घोरायला लागायचा, आणि मधेच ही त्याच्या छातीवर बुक्क्या घालायची. तो दचकून उठायचा आणि अर्धवट झोपेत तिला उलटा हाणायचा. एकदा त्याचा दात पडला, एकदा तिचा ओठ फुटला. शेजारी कुडाच्या फटीतून मजा बघायचे. घोरता घोरता याचा श्वासच थांबतो, मारल्याशिवाय सुरू होत नाही, हे ती सांगून सांगून थकली. ऐकतो कोण?

जिवल्यालाही पटेना. झोपलेल्याला स्वतःची झोप थोडीच दिसते! तिच्या हट्टापायी एकदा गेला, तर पालघरच्या डॉक्टरांनी त्याला उभा करून मानेचा एक्सरे काढला. श्वासाची वाट मोकळी होती. झालं! पाड्यावरच्या शहाण्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, बाई खोटारडी आहे, तिला माहेरी धाडा.

आपण गेलो की हा महिन्याभरात मरणार, एवढंच ठमीला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी जिवल्या पाळीवरून आला, तसा दंडाला धरून तिने त्याला पालघरला ओढत नेलं.

"उभा मानूस घोरतो का?" तिने डॉक्टरांना विचारलं. "आडवा करा, झोपू द्या, मंग काढा."

टेबलावर पडताच जिवल्या घोरू लागला. मग घोरणं तुटलं. पोट धडपडत होतं, पण श्वास येत नव्हता. ठमी धावली. एक्सरेवाल्या कमलाकांतने तिला मागून आवळून धरलं. पेशंट हलला तर फोटो बिघडेल, म्हणाला. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं, तरी त्याने सोडलं नाही. जिवल्याचे ओठ निळे पडले. डॉक्टरांनी बटण दाबलं, पकड सुटली, आणि ठमीने असा गुद्दा हाणला की जिवल्या गुरासारखा हंबरून उठला.

जिभेमागची हवेची काळी पट्टी उभ्या फोटोत होती. आडव्या फोटोत ती नव्हतीच. झोपेत गळा मिटतो, डॉक्टर म्हणाले, ही बाई नसती तर हा कधीच गेला असता.

पाड्यावर, तिला माहेरी धाडा म्हणणाऱ्यांतला म्हातारा देवू दोन्ही फोटो उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिला. मग जिवल्याच बोलला.

"ही मला जगवायला मारीत होती. मी हिला कशाला मारलं?"

ठमीने फोटो गुंडाळून काखेत मारले.

"चल, झोप आता," ती म्हणाली. "मी बसतंय."