फोटोसाठी थांबवलेला हात

अन्याय झाला तो माझ्या मामेबहिणीवर, दसऱ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, लोणावळ्यातल्या बॉक्सिंगच्या सामन्यात. सुदुंबऱ्याची ही पोर. दुसऱ्या फेरीत तिनं डावा ठोसा मारला आणि हात तसाच पुढं ताणून ठेवला. समोरच्या मुलीनं त्या हातावरूनच उजवा ठोसा थेट तिच्या नाकावर घातला.

आमचे सर म्हणाले, "पोरगी मनानं कच्ची आहे."

कच्ची? वर्षभर तळेगावच्या बॉक्सिंगच्या वर्गात मी तिच्या शेजारी उभी होते. पाहुणे आले की प्रात्यक्षिकाला आम्हा मुलींना पुढं करायचे आणि सर ओरडायचे, "हात तिथंच ठेवा, फोटो येऊ द्या! हनुवटी वर, चेहरा दिसू दे!" मुलांना मात्र रोज बजावायचे, की ठोसा जितक्या वेगानं गेला तितक्याच वेगानं हात गालाशी परत आला पाहिजे, दुसरा हात गालावरून हलता कामा नये आणि हनुवटी खालीच हवी. हे आम्हाला का नाही शिकवलं, असं मी तिथंच, रिंगजवळ, सरांना विचारलं.

"तुम्हाला कुठं रोज लढायचंय?" म्हणे.

लेकीच्या नाकावर बर्फ धरून बसलेली मामी उसळली, "मग रिंगमदी कशाला घातली वो तिला? फोटूच काढायचा व्हता तर स्टुडिओत न्यायची व्हती की!"

सर उठून गेले. वर्ग अजून तसाच चालू आहे.

तुमची मुलगी अशा वर्गात जात असेल तर आजच तिथं जाऊन उभे राहा. ठोसा मारल्यावर तिचा हात गालाशी परत येत नसेल, तर सराव थांबवा आणि सगळ्यांसमोर सरांना जाब विचारा.