हातोडेवाल्याच्या बापाचा आवाज

आमच्या भावानं पिक्चर काढला होता, हे आता सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. नव्वदीच्या शेवटी शेवटी तीर्थपुरीत लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणारा तो एकटाच होता. आणि पिक्चर काढला तोही साधासुधा न्हाई, परदेशातल्या देवाचा. हातात हातोडा, पाठीवर लाल कापड, सोनेरी केस, आभाळातून विजा पाडणारा. ते लाल कापड मी माझ्या मशीनवर शिवलं, म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

भाऊ शाळेत होता तेव्हाची गोष्ट. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, जालन्याच्या बाजारातून रद्दीची पुस्तकं बांधून आणली होती. त्यात हे चित्रांचं पुस्तक निघालं. रंगीत, इंग्रजी, मधली पानं फाटलेली. इंग्रजी आमच्या घरात कुणाला येत होतं? डोंबल! पण अण्णा पोथी वाचणारे. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची आणि अण्णा ती वाचायचे. बायका हातातलं काम टाकून यायच्या, म्हातारे झोपायचे विसरायचे. असा माणूस अक्षर कळत न्हाई म्हणून गप्प बसेल होय? त्यांनी भावाला मांडीवर घेतलं आणि चित्रं पाहून गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"ह्यो बर्फाच्या मुलखातला राजा. याला एकच डोळा. दुसरा कुठं गेला? शहाणपण पायजे होतं, त्याच्या बदल्यात देऊन टाकला. याचं पोरगं लई जोराचं. हातोडा फेकला की बराबर परत हातात येतो. पण पोराला गर्व झाला. मंग बापानं हातोडा काढून घेतला आन् म्हणला, जा खाली, माणसांत राह्य, माणूस होऊन ये."

पुढं शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी ते पुस्तक वाचून दाखवलं. हे उत्तरेकडच्या थंड देशांतले जुने देव, त्यांच्यावरून चित्रकथा केली, असं ते म्हणाले. अण्णांची गोष्ट निम्मी तरी वेगळी निघाली. भावाला त्याचं काहीच वाटलं न्हाई. सरांची गोष्ट ऐकून तो घरी आला आणि अण्णांना म्हणाला, "आता तुमची सांगा." मोठेपणी कॅमेरा घेतल्यावर त्याचं सुरू झालं, यावर एक दिवस पिक्चर काढणार. दर वर्षी लग्नसराई यायची आणि पिक्चर पुढच्या वर्षावर जायचा.

त्या वर्षी श्रावणात अण्णांचा आवाज बसला. तंबाखूनं बसला असेल म्हणून आधी सगळ्यांनी काढा सांगितला, हळद सांगितली. दसऱ्यापर्यंत उतार पडेना, तेव्हा औरंगाबादला नेलं. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं की गळ्यात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. दिवाळीनंतरची तारीख मिळाली.

एसटीत अण्णा खिडकीपाशी बसले होते आणि कापसाचे भाव काय निघतील ते सांगत होते. मी नुसती हं हं करत होते. घसा बसला असला तरी आवाज त्यांचाच होता. मला वाटत होतं, ही बस तीर्थपुरीला पोचूच नये, अशीच चालत राहावी आणि यांनी कापसाबद्दल बोलत राहावं.

घरी आल्यावर भावानं टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवला. "अण्णा, पोथीतलं थोडं म्हणा." अण्णांनी त्या टेपकडं असं पाहिलं, जसा काही घरात विंचू आला. "पोथी डबड्यात भरायची न्हाई. ज्याला ऐकायची त्यानं देवळात येऊन बसावं, हात जोडावे." भाऊ म्हणाला, पोथी राहू द्या, दुसरं काही बोला. तर भडकले. "मी काय मरून राह्यलो का, आवाज भरून ठेवायला?" आणि तोंड मिटून बसले ते बसलेच. आमच्याकडं जित्या माणसाचं असं काही साठवून ठेवणं अशुभच. दुसऱ्या दिवशी मी प्रयत्न केला, माझ्यावरही तेच.

मग भाऊ मला म्हणाला, "ताई, पिक्चर काढू."

माझा संताप संताप झाला. "अरे, बापाचं ऑपरेशन तोंडावर आलंय आन् तुला पिक्चर सुचून राह्यला? लाज हाये का?"

"अण्णा राजा होतील," तो म्हणाला. "राजाला तर बोलावंच लागतंय."

मी उठले आणि लाल कापड आणायला बाजारात गेले.

आता परदेशातला देव तीर्थपुरीत आणायचा म्हणजे काय काय करावं लागलं! नायक म्हणून तालमीतला पैलवान पकडला. त्याच्या डोक्यावर सुतळीचे केस, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले. उन्हात त्याला इतकी खाज सुटायची की देव एका हातानं हातोडा धरायचा आणि दुसऱ्यानं डोकं खाजवायचा. लोहाराचा घण आधी आणला होता, पण तो फेकल्यावर परत हातात येईना, उलट आईची परात चेपली. मग थर्माकोलचा केला, वर चांदीचा कागद. विजेसाठी वेल्डिंगवाल्याला भिंतीमागं बसवलं. इंद्रधनुष्याचा पूल पाहिजे होता, तर पाटाच्या पुलाला रंगीबेरंगी लुगडी बांधली. त्यातलं एक आईचं, तिला न विचारता.

आणि बर्फ? बर्फ कुठून आणणार? तर बर्फ घरातच होता. वेचणी झालेली, मधल्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत. भावानं तिथंच राजाचा दरबार लावला. मांडववाल्याकडची नवरानवरीची लाल मखमली खुर्ची मध्ये ठेवली. पैलवान बूट घालून आत आला, तशी आई दारातून ओरडली, "आरं ए, कापसात बूट? लक्ष्मी हाये ती!" पैलवानानं बूट काढले, कापसाला हात लावून छातीला लावला आणि मगच पुढं गेला. भावानं ते सगळं शूट केलं. परदेशातला देव बर्फात अनवाणी उभा आणि बर्फाच्या पाया पडतोय. भाऊ म्हणाला, राहू दे, आपला देव असंच करील.

अण्णा खुर्चीत बसले. एका डोळ्यावर मी काळ्या अस्तराची पट्टी शिवली होती. मला वाटलं होतं नखरे करतील, पण पोथीला बसायचे तसे ताठ बसले. भावानं चार ओळी लिहून दिल्या होत्या, त्या त्यांनी पाहिल्यासुद्धा न्हाईत. मी दारात थर्माकोलची पाटी धरून उभी होते, ऊन त्यांच्या तोंडावर पाडायला.

आणि अण्णा बोलायला लागले. श्रावणापासून जो आवाज फाटका निघत होता, तो त्या दिवशी कुठून मोकळा झाला कुणास ठाऊक. "तुझ्या अंगात जोर हाये, पोरा. पण जोर कुणापायी खर्चायचा, ते तुला कळंना. ठेव तो हातोडा हितं. जा माणसांत. भूक लागली तर मागायला शीक, कुणी मागितलं तर द्यायला शीक." एवढं मला पाठ आहे. त्याच्यापुढंही ते बोलले, पुष्कळ बोलले. बोलता बोलता त्यांची नजर पैलवानावरून निघून कॅमेऱ्यावर आली, कॅमेऱ्यामागच्या भावावर. एकदा माझ्याकडंही पाहिलं. पण माझे हात भरून आले होते, पाटी हलू नये म्हणून माझा सगळा जीव त्या पाटीत. मनात म्हटलं, भरून तर राह्यलंय, मागून निवांत ऐकू. भावाचा खांदा हलत होता, कॅमेरा मात्र त्यानं हलू दिला न्हाई.

दिवाळी झाली, अण्णांना दवाखान्यात भरती केलं. भाऊ तिथंच मुक्कामाला होता, लग्नाची तारीख असली की तेवढा गावाकडं येऊन जायचा. तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली, जालन्याला मिक्सिंगला लग्नाच्या कॅसेटी जाणारच होत्या, त्याच पिशवीत त्यानं पिक्चरच्या कॅसेटी पाठवल्या. मिक्सिंगवाला वर्षानुवर्षांचा ओळखीचा. भावानं फोनवरून त्याला सांगितलं, "यात माझ्या बापाचं काम हाये. जीव ओतून कर."

आता लग्नाच्या कॅसेटची रीत सांगते, कारण घात तिथं झाला. लग्नात कॅमेऱ्यात जो आवाज येतो तो नुसता कालवा असतो. बँड, पंगतीतली ओरड, रडणारी पोरं. तो कुणाला नको असतो. मिक्सिंगवाला सगळ्यात आधी तो आवाज काढून टाकतो आणि वरून गाणी, सनई टाकतो. आणि कॅमेऱ्यातल्या कॅसेटी परत आल्या की त्यांच्यावरच पुढचं लग्न भरायचं. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कुणी त्याचा विचारच करत न्हाई. पिशवी परत आली, भावानं मिक्स झालेली कॅसेट कपाटात नीट ठेवली. अण्णा घरी आले की सगळ्यांनी मिळून पाहू म्हणाला. बाकीच्या कॅसेटी कॅमेऱ्यात घालून तो लग्नांना गेला.

अण्णा घरी आले. गळ्याला छिद्र, त्यावर पांढरं फडकं. पाटीवर लिहून बोलायचे. थोडी ताकद आल्यावर एका संध्याकाळी अंगणात टीव्ही लावला, आळी गोळा झाली. पहिल्यांदा लई मजा आली. पैलवान पुलावरून पळाला तर शिट्ट्या, वीज पडली तर टाळ्या. आईनं आपलं लुगडं ओळखलं आणि भावाला शिव्या घातल्या. मग दरबार आला. पांढरा कापूस, लाल खुर्ची, डोळ्याला पट्टी लावलेले अण्णा. त्यांनी तोंड उघडलं आणि सनई वाजायला लागली.

मिक्सिंगवाल्यानं जीव ओतला होता हो. दुकानातली सगळ्यात चांगली सनई लावली होती. अण्णांच्या चेहऱ्याभोवती बदामाचा आकार केला होता आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसणारेही थांबले. भाऊ एकदम उठून टीव्हीपाशी गेला आणि आवाजाचं बटण पिळायला लागला. पिळून पिळून सनईच मोठी व्हायला लागली. मी अण्णांकडं पाहिलं. ते पडद्याकडं पाहत होते आणि त्यांचे ओठ हालत होते. काय बोललो होतो ते त्यांना सगळं आठवत होतं आणि ते पुन्हा म्हणत होते. टीव्हीत ओठ हालून राह्यले, खुर्चीत ओठ हालून राह्यले आणि आवाज कुठंच न्हाई. मी त्यांचे पाय धरले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं रडले.

दुसऱ्या दिवशी मी जालन्याला जाऊन त्या मिक्सिंगवाल्याला दुकानात उभं आडवं झापलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "ताई, मला वाटलं बापाची आठवण म्हणून करायचंय," एवढंच म्हणाला आणि त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. आता अशा माणसावर किती ओरडणार? मी चहा न घेता परत आले. भावानं कॅमेऱ्यातली एकेक कॅसेट लावून पाहिली. सगळीकडं लग्नंच लग्नं, हळदी, वराती, सासरी निघालेल्या मुली.

मी अण्णांना विचारलं, पुढं तुम्ही काय बोलला होता, लिहून द्या ना. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "तवा कान कुठं होते?" मग मला वाईट वाटलं असेल म्हणून गालाला चिमटा काढला. पाटी पुसून टाकली. नंतर मी पुन्हा विचारलं न्हाई आणि त्यांनी लिहिलं न्हाई. दोनेक वर्षं काढली त्यांनी. श्रावणात देवळात जाऊन बसायचे, दुसरा कुणी वाचायचा, हे हात जोडून ऐकायचे. एका उन्हाळ्यात गेले.

भावानं पुढं त्या कॅसेटची सीडी करून घेतली. दर वर्षी श्राद्धाला आम्ही ती लावतो, आवाज बंद करून. एकदा माझ्या लेकीनं विचारलं, आजोबांचा आवाज कसा होता? मी म्हटलं, पातळ होता, टोकदार, दूरवर जायचा. भाऊ म्हणाला, "काय पण! चांगला भारदस्त होता. जमिनीतून यायचा." मी म्हटलं, तुला काय आठवतंय. तो म्हणाला, तुला काय आठवतंय. आम्ही दोघं, आपापली पोरं मोठी झालेली माणसं, बापाच्या फोटोपुढं कचाकचा भांडलो. भांडताना माझ्या ध्यानात आलं की मी नुसती सांगून राह्यले, मला आतून काही ऐकूच येत न्हाई. भावाचा चेहरा पाहिला तर त्यालाही येत नव्हतं.

मग आम्ही आईला विचारलं. ती कोपऱ्यात बसून सीडीकडं पाहत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण अण्णांच्या ओठांवर तिची नजर होती.

"काय म्हणून राह्यले ते?" मी विचारलं. "तुला कळतंय का?"

"समदं कळतंय," ती म्हणाली. "मला तर रोज ऐकू येतो त्यांचा आवाज. चुलीपाशी, अंगणात. पण तुम्हाला कसा काढून देऊ, बाई?"

भाऊ तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि मध्येच थांबून कशाला तरी "हो, हो" म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी आई गेली.