रुमाल टाकलेली जागा

एसटीत एका मावशींनी शेजारच्या सीटवर रुमाल टाकला होता. मी बसायला गेलो, तर म्हणाल्या, "लेक येतीय माझी."

मला दहावीच्या विज्ञानाच्या मॅडम आठवल्या. आवर्तसारणी शिकवताना म्हणाल्या, "एका शास्त्रज्ञानं सारख्या स्वभावाची मूलद्रव्यं एकाखाली एक बसवली. ज्यांचा शोधच लागला नव्हता, त्यांच्या चौकटी रिकाम्या ठेवल्या."

"म्हणजे रुमाल टाकला, मॅडम?" मी विचारलं.

सगळा वर्ग हसला. "हो रे माकडा! आणि ती पुढे सापडलीसुद्धा."

न आलेल्यासाठी जागा धरायला केवढा भरवसा लागतो!

कंडक्टरनं डबल बेल दिली, गाडी निघाली. मावशींचा चेहरा उतरला, पण रुमालावरचा हात हलला नाही. तेवढ्यात ओढणी सावरत पळत येणारी एक मुलगी दिसली. मी हुबेहूब कंडक्टरच्या आवाजात ओरडलो, "थांबव रे!"

गाडी थांबली. मावशींनी रुमाल उचलला.