पहिल्या कडीची जागा

डहाणूच्या खाडीपासून तलासरीच्या नाक्यापर्यंत आमच्या साडूभाऊंइतका काळजी करणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो साडूभाऊंच्या सहवासानेच तसा झालेला असेल. तलासरीच्या एका शाळेत ते प्रयोगशाळा सहायक होते. डहाणूहून एसटीने रोज जाऊन येऊन. बस चारोटीला थांबली की खाली उतरायचं आणि घरी फोन करून "गॅस बंद केला ना?" एवढं विचारायचं, हा त्यांचा नोकरीभरचा नेम. आधी बूथवरून, नंतर मोबाइलवरून. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्या वेळेला फोन वाजला की पलीकडे कोण आहे हे न पाहताच "बंद आहे" म्हणून ठेवून द्यायची. एकदा एका विमावाल्याने तीन दिवस ओळीने हे उत्तर ऐकलं आणि नाद सोडला. लग्नाआधी साडूभाऊ ताईला बघायला दोनदा आले, तिने होकार दिला, आणि तरी ते तिसऱ्यांदा आले. का, तर आपण होकार दिलाय हे तिच्या नीट लक्षात आहे ना, याची खात्री करायला. ताई म्हणते, "तेव्हाच कळायला हवं होतं मला."

अशा माणसाने निवृत्तीनंतर भजन, बागकाम, निदान वर्तमानपत्रातलं कोडं असं काहीतरी बिनधोक धरायचं. यांनी मासे पकडायचे रॉड बनवायला घेतले. तयार रॉड विकत मिळतो हे त्यांना माहीत होतं, पण तो ज्याने बनवला त्याने काळजी घेतली असेल कशावरून? म्हणून नुसती दांडी मागवायची, मूठ वेगळी, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळायच्या रिळाची बैठक वेगळी, आणि तो ज्यांतून ओवला जातो त्या कड्या वेगळ्या. दांडीवर एकेक कडी रंगीत दोऱ्याने गुंडाळून बांधायची आणि वर काचेसारखा लेप द्यायचा. हे सगळं काम दोन दिवसांचं. कडी कुठे बांधायची हे ठरवायला मात्र साडूभाऊंना दोन महिने लागतात. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. ते बनवत होते त्या जातीच्या रॉडवर रीळ वरच्या अंगाला बसतं आणि कड्याही वरच. माशाने ओढ घेतली, दांडी वाकली, की दोन कड्यांमधला तंगूस जवळची वाट धरायला बघतो आणि दांडीवर घासतो. घासला की झिजतो आणि ऐन वेळी तुटतो. म्हणून कड्या जवळजवळ हव्यात. पण एक कडी वाढवली की शेंडा तेवढा जड होतो. आठ बांधाव्यात की नऊ, आणि पहिली रिळापासून किती लांब, या प्रश्नाने गेल्या पावसाळ्यात त्या घरातली झोप, जेवण आणि संभाषण तिन्ही बंद पाडलं होतं.

कारण हा रॉड स्वतःसाठी नव्हता. तो वाढवणच्या तांडेलासाठी होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. याने स्वतःची होडी कधीच मुलीच्या सासरच्यांना देऊन टाकली होती, पण गावाने हाक बदलली नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी साडूभाऊ शाळेची सहल घेऊन वाढवणला गेले. एकही मूल घसरू नये म्हणून खडकावर मागे-पुढे धावता धावता स्वतःच शेवाळावरून घसरून पाण्यात पडले. तांडेलाने त्यांना मानगुटीला धरून वर काढलं आणि विचारलं, "मास्तर, पवायला येत नाय त पान्यात उतरलास कशाला?" तेव्हापासून दर रविवारी दोघे त्याच खडकावर गळ टाकून बसायचे. बोलणं फारसं नसायचंच. साडूभाऊ काळजी करायचे आणि तांडेल मासे पकडायचा. घरी आल्यावर साडूभाऊंचा चेहरा असा सैल पडलेला असायचा की ताई त्या खडकाला मनातल्या मनात हात जोडायची.

मग उन्हाळ्याच्या शेवटी तांडेलाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेल्यासारखा झाला, बोटं वळली, चालणं काठीवर आलं. डॉक्टर म्हणाले, हाताला काम देत राहा. साडूभाऊंनी ते वाक्य तांडेलाच्या मुलीकडून फोनवर ऐकलं आणि त्याच दिवशी दांडी मागवली. पिसासारखा हलका रॉड, जो लुळ्या हातालाही पेलेल. आता त्या आठ-नऊचा घोळ तुमच्या लक्षात येईल. नववी कडी घातली तर हाताला जड होणार, नाही घातली तर तंगूस घासून तुटणार, आणि तांडेलाला वाटणार की आपल्या हातूनच मासा सुटला. "तसं त्याला वाटलं ना," साडूभाऊ मला म्हणाले, "तर तो परत गळ हातात धरायचा नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, चिकटपट्टीच्या रिळाचं टोक शोधत राहिले.

तर त्या घराचा दिवाणखाना दिवाळीपर्यंत प्रयोगशाळा होता. रॉडची मूठ खिडकीच्या गजाला बांधलेली, कड्या चिकटपट्टीने तात्पुरत्या लावलेल्या, तंगूस ओवून त्याच्या टोकाला लोणच्याची बरणी. दांडी वाकायची, साडूभाऊ जमिनीवर आडवे होऊन भिंग लावून दोन कड्यांमधला तंगूस बघायचे, तिसरी कडी गव्हाच्या दाण्याएवढी पुढे सरकवायचे, आणि मग अर्थातच चौथी, पाचवी, सहावी सगळ्याच सरकवाव्या लागायच्या. बरणीने आणि मग तांदळाच्या पिशवीनेही समाधान होईना तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी चहाला म्हणून गेलो होतो. पाच मिनिटांत मी अंगणातल्या चिकूखाली कमरेला तंगूस बांधून उभा होतो आणि ओट्यावरून साडूभाऊ ओरडत होते, "अहो, जिताडा असा उभा राहतो का? डावीकडे ओढ घ्या! आता एकदम मुसंडी मारा!" मी माझ्या वयाला आणि गुडघ्याला झेपेल तितपत मुसंडी मारली. कुंपणापलीकडून चिकूच्या पाट्या भरणाऱ्या बायका काम सोडून बघत होत्या. त्यातल्या एकीने ताईला विचारलं, "पाव्हण्यांना काय झालंय?" ताई म्हणाली, "त्यांना काही नाही झालेलं, ते मासा आहेत." यानंतर मी सव्वा महिना त्या घरी चहा घेतला नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या चार-पाच महिन्यांत साडूभाऊ एकदाही वाढवणला गेले नव्हते. डहाणूहून वाढवण ते काय लांब? रिक्षा केली की पोचलं. तांडेल इस्पितळात होता तेव्हा हे फाटकापर्यंत जाऊन परत आले. घरी आणल्यावर म्हणाले, "रिकाम्या हाताने कसा जाऊ? रॉड झाला की जातोच." ज्या माणसाने त्यांना एका हाताने पाण्याबाहेर ओढलं होतं त्याचा तोच हात मांडीवर पडलेला बघायची त्यांना भीती वाटत होती. हे मला कळत होतं, ताईला कळत होतं, आणि माझा अंदाज आहे की चिकूच्या पाट्या भरणाऱ्या बायकांनाही कळलं असावं. तोवर कड्या मागे-पुढे सरकत होत्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. ती हलक्या आवाजात बोलत होती. तांडेलाची मुलगी त्याला सुरतेला स्वतःकडे नेणार होती, कायमचं. उपचार तिकडे चांगले, आणि इथे एकट्याचं होत नव्हतं. सोमवारी सकाळची गाडी. "आज शनिवार," ताई म्हणाली, "आणि हे अजून नवव्या कडीला टेप लावतायत नि काढतायत. तुम्ही या, माझं ऐकत नाहीत." मी गेलो आणि साडूपणाचा मान बाजूला ठेवून सरळ तोंड सोडलं. म्हटलं, "तो सुरतेला पोचेल तेव्हा तुम्ही इथे भिंगातून बघत बसा!" साडूभाऊंनी चष्मा पुसला, दोऱ्याचं रीळ घेतलं आणि नऊच्या नऊ कड्या बांधायला बसले.

दुपारच्या आत बांधून झालं, पण लेप दिल्यावर रॉड सतत फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर लेप एका बाजूला ओघळून गोळा होतो. फिरवायचं यंत्र मिळतं. साडूभाऊंचा यंत्रावर विश्वास नव्हता. म्हणून दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघं पाळीपाळीने तो रॉड दोन खुर्च्यांच्या पाठींवर ठेवून कणसासारखा फिरवत होतो. साडूभाऊ मधूनच विचारायचे, "धूळ तर बसत नाही ना?" मधूनच, "तो गेला तर नसेल ना आजच?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला माहीत होतं, तरी तिसऱ्यांदा विचारल्यावर मलाही धाकधूक व्हायला लागली, आणि मी अंगणात जाऊन तांडेलाच्या मुलीला फोन करून खात्री केली. काळजी सांसर्गिक असते ती अशी.

रविवारी दुपारी रिक्षातून निघालो. रॉड दोन्हीकडून बाहेर आलेला, साडूभाऊ दोन्ही टोकांकडे आळीपाळीने बघत असलेले, आणि रिक्षावाला गिअर बदलला तरी साडूभाऊंना सॉरी म्हणत असलेला. तांडेलाच्या दाराशी मात्र साडूभाऊंचे पाय उचलेनात. ते फाटकाची कडी काढायचे, परत लावायचे. मी मागून सरळ ढकललं.

तांडेल पडवीत खुर्चीवर बसला होता. एवढा थोरला माणूस, पण शर्ट दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा वाटत होता. त्याने साडूभाऊंकडे बराच वेळ पाहिलं. "आयलास?" तो म्हणाला. "मना वाटला, मी गेल्यावर येशील."

साडूभाऊंनी उत्तर म्हणून रॉड पुढे केला. तांडेलाने तो डाव्या हाताने घेतला, तोलला, आणि चेहरा उजळला. "हलका हाय रे!" मग त्याने उजवा हात मांडीवरून उचलला, म्हणजे खांद्याने उचलून आणला, आणि रॉड खालून धरायला गेला. कोपर पुरतं वाकत नव्हतं, त्यामुळे हात मुठीपाशी येईना. तो रिळाच्या बराच पुढे, उघड्या दांडीखाली जाऊन थांबला. वळलेली बोटं एका बाजूने वर आली, अंगठा दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही नेमके पहिल्या कडीवर आपटले. त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच. "इथं कडी कशाला ठेवलीस?" तो म्हणाला. "ही त माझा हात ठेवाची जागा."

बरणी झाली होती, तांदळाची पिशवी झाली होती, मी स्वतः जिताडा होऊन गुडघा दुखवून घेतला होता. फक्त ज्या हातासाठी हा रॉड होता, तो हात त्याला एकदाही लावून पाहिलेला नव्हता. साडूभाऊंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हे रॉड घेऊन परत डहाणूला जाणार आणि पुढच्या दिवाळीपर्यंत येणार नाहीत. पण त्यांनी खिशातून ब्लेड काढलं आणि काल दिवेलागणीपर्यंत फिरवून वाळवलेला तो लेप, तो दोरा, सर्रकन कापला. पहिली कडी हातात आली. तांडेलाच्या पायाशी ते जमिनीवर बसले, त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, वळलेली बोटं एकेक करून दांडीभोवती बसवली आणि म्हणाले, "आता सांग. कुठे ठेवू?"

"माझ्या बोटांच्या पुढं ठेव. तू बघतोस ना."

त्यांनी कडी बोटांच्या पुढे ठेवली आणि चिकटपट्टी गुंडाळली. मोजपट्टी नाही, भिंग नाही, पेन्सिलीची खूण नाही. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा न मोजता काही करताना बघत होतो. मग आम्ही दोघांनी तांडेलाला खुर्चीसकट उचलून खडकाच्या अलीकडे, वाळू संपते तिथवर नेलं. समोर तोच खडक. वाढवणला सरकारचं मोठं बंदर होणार म्हणतात, ते झालं तर तो कसा दिसेल कुणास ठाऊक. तांडेलाने डाव्या हाताने गळ टाकला. तो जेमतेम वीस पावलांवर पडला. साडूभाऊ म्हणाले, "छान गेला." तांडेल म्हणाला, "खोटा बोलू नको." आणि दोघे हसले. मासा लागला नाही. ऊन उतरेपर्यंत दोघे तसेच बसले होते. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि साडूभाऊंनी ते पाहिलं असतं तर त्याचीही काळजी केली असती.

सोमवारी तांडेल सुरतेला गेला, रॉड घेऊन. तिकडे मुलगी त्याला नदीकाठी नेते. साडूभाऊंनी चार दिवसांतच फोन केला की दोरा आणि लेप घेऊन येतो, ती कडी तेवढी पक्की करून जातो, टेपचा काही भरवसा नाही. फोन स्पीकरवर होता, म्हणून पलीकडचं मला आणि ताईला ऐकू आलं. "राहू दे तशीच," तांडेल म्हणाला. "पक्की केलीस त पुन्हा कशाला येशील?"

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साडूभाऊ चिकटपट्टीचं नवं रीळ खिशात घालून सकाळच्या गाडीने सुरतेला जातात. ताई सांगते, त्या दिवशी त्यांचा गॅसबद्दल फोन येत नाही. ती मात्र फोन जवळ घेऊन बसलेली असते.