सहासष्ट वड्या

सुयिंगताईच्या दुकानात टोफू सगळ्यांना मिळतो. भांडकुदळ गिऱ्हाइकांना मिळतो, दुकान बंद व्हायच्या वेळी धावत येणाऱ्यांनाही मिळतो. मिळत नाही तो फक्त फेईसाहेबांच्या घरी. साहेबांची बायको फार वर्षांपूर्वी एकदा भांडं घेऊन आली होती. सुयिंगताईने सुरी बाजूला ठेवली, हात पुसले आणि बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वहिनी, रोजचा टोफू माझ्याकडे मिळणार नाही. पण साहेब गेले की या. त्या दिवशी अख्खा पाट भरून टोफू देईन, फुकट."

आमच्या कालव्याकाठच्या गावात मयत झालं की आलेल्या लोकांना पांढऱ्या टोफूचं जेवण घालतात. तेव्हा ती काय म्हणाली ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. वहिनी पांढरीफटक पडली. तेव्हापासून ती बिचारी कालव्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन भुसभुशीत टोफू आणते, आणि येता-जाता सुयिंगताई दुकानातून मऊ आवाजात विचारते, "साहेबांची तब्येत कशी आहे?" बरी आहे म्हणावंच लागतं. "असू दे, असू दे," ताई म्हणते. "मला घाई नाही."

मी युन. तिच्या दुकानावरच्या माडीवर राहते. टोफूच्या वाफेने माझ्या भिंती कायम ओल्या असतात, पण घर सोडायचं म्हटलं की जीव होत नाही. माझा धंदा असा की परदेशातून मूल दत्तक घ्यायला येणाऱ्या जोडप्यांना हाताला धरून सगळ्या कचेऱ्यांतून फिरवायचं. त्यांनी आपल्या देशात वर्षानुवर्षं दाखले गोळा केलेले असतात. घर तपासलेलं, पोलिसांनी चांगलं म्हटलेलं, डॉक्टरांनी ठणठणीत म्हटलेलं. मग मुलाचा फोटो येतो, मग विमान, मग प्रांताच्या राजधानीतलं हॉटेल, आणि एका सकाळी एका कचेरीत त्यांच्या हातात एक रडकं गाठोडं येतं. पुढे नोटरी, पासपोर्ट, तपासणी, व्हिसा. या सगळ्यात ती माणसं इतकी घाबरलेली असतात की शिक्का मारणाऱ्या कारकुनालाही वाकून नमस्कार करतात. आता तो धंदा आटला. आता तीच मुलं मोठी होऊन परत येतात आणि विचारतात, मी कुठे सापडले? मग मी त्यांना ती जागा दाखवायला नेते.

सुयिंगताईला पहिला मुलगा होता. तेव्हा सरकारचा नियम होता, पहिला मुलगा असला की दुसरं मूल नाही. तरीही मुलगी झाली. माहेरी लपून बाळंत झाली ती, आणि महिना पूर्ण झाल्यावर रीतीप्रमाणे लाल अंडी वाटायला म्हणून गावात आली. आईचं काळीज, दुसरं काय. पोरीला ती दोउदोउ म्हणायची, म्हणजे सोयाबीनचा दाणा. तेव्हा फेईसाहेब या जन्म मोजण्याच्या खात्यात मोठे होते. दगडी पुलावर त्यांनी तिला गाठलं आणि भर सकाळी, अर्ध्या गावासमोर, तिच्या हातातून मूल काढून घेतलं. दंड भर आणि घेऊन जा, म्हणाले. दंड घेऊन ती गेली तेव्हा मूल अनाथालयात जमा झालं होतं, आणि अनाथालयातून ते कुठे गेलं ते सांगायला कुणी तयार नव्हतं. नवऱ्याने बाटली धरली आणि त्यातच संपला. तिने सुरी धरली आणि टोफू कापत राहिली. लोक म्हणायचे, किती शांत आहे बाई. शांत कसली! आतून जळत होती, आणि विझू देत नव्हती.

गेल्या वर्षी मला हॉलंडहून पत्र आलं. लीके नावाची मुलगी, तिची आई माराइके, दोघी येणार होत्या. तान्ही असताना लीके ज्याला सापडली असं तिच्या कागदांवर लिहिलं होतं, त्या माणसाचे आभार तिला मानायचे होते. अनाथालयात तिचं नाव फू छियाओ होतं, छियाओ म्हणजे पूल. कागदांवर होतं: दगडी पुलावर सोडून दिलेली, फेई यांना सापडली. वाचलं आणि माझ्या हातातला चहा लवंडला. त्या पुलावर त्या वर्षी एकच मूल "सापडलं" होतं, हे आमच्याकडच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे.

मी खाली जाऊन सुयिंगताईला सांगितलं. का नाही सांगणार? तिने पाटावरचं फडकं घट्ट पिळलं. मग म्हणाली, "त्या पोरीला तू काही बोलायचं नाहीस."

मी म्हटलं, अगं वेडी की काय तू.

"अनाथालयवाले या मुलांना आधीच सांगून ठेवतात, गावात बायका येतील, तुझी आई म्हणतील, विश्वास ठेवू नका. मी सांगितलं तर मी एक लबाड टोफूवाली. त्याने सांगितलं तर ते खरं. त्याच्या तोंडून वदवून घेणार मी."

"तो मेला कशाला सांगेल?"

"बघू," ती म्हणाली, आणि पुन्हा कापायला लागली.

आता साहेबांची अक्कल बघा. निवृत्त झाले, पण नाक तसंच वर. त्यांना त्या वर्षी सहासष्टावं लागत होतं. आमच्याकडे सहासष्टावं वाईट. त्या वर्षी यमराज माणसाला जेवायला बोलावतो म्हणतात, आणि त्यातून सुटायचं तर लेकीने आपल्या घरी मांसाचे सहासष्ट तुकडे शिजवून आणायचे आणि बापाने एकही न टाकता खायचे. मांस नको असेल तर सोयासॉसमध्ये तांबूस केलेल्या टोफूच्या वड्याही चालतात. साहेबांना लेक नाही, एक मुलगा आहे आणि तो शांघायला. दुसरा कुणी असता तर भाचीला बोलावलं असतं. साहेबांनी माझ्याकडे निरोप धाडला: मी त्या परदेशी मुलीचा जीव वाचवला, ती मला लेकीसारखीच, तर सहासष्ट तुकड्यांचा वाडगा तिनेच आणावा. वाढदिवसाच्या जेवणाला चारशे माणसांसमोर गोरी आई आणि आपली पोर, दोघी वाकतील, फोटो निघतील. हावरा माणूस. मी लगेच हो म्हटलं.

लीके आली. उंच, केस कापलेले, हसली की नाकावर सुरकुत्या पडायच्या. सुयिंगताईच्या नाकावर पडतात तशाच, पण सुयिंगताई हसतेय कुठे. मी तिला वाडग्याची रीत सांगितली तेव्हा ती खूश झाली, पण म्हणाली, मी मांस शिजवत नाही, खातही नाही. मग टोफू करू, मी म्हटलं. आणि वाडगा लेकीच्या घरी शिजवायचा असतो, तुमचं इथे घर नाही, तर आमच्या खालच्या मावशींच्या दुकानात करू. टोफू पांढरा कधी वाढतात ते मात्र मी सांगितलं नाही.

दुकानात लीके आणि सुयिंगताई समोरासमोर उभ्या राहिल्या. सुयिंगताईने तिला सुरी धरायला दाखवली, पण हाताला हात लावला नाही. एकदा लावला असता तर सुटला नसता, असं ती मला नंतर म्हणाली. लीके मोजत मोजत कापत होती, जीभ ओठांत धरून. सोयासॉस टाकायचा नाही का, तिने विचारलं. वाढदिवसाचं जेवण तांबूस हवं एवढं तिने कुठेतरी वाचलं होतं. सुयिंगताईने मान हलवली. नाही. पांढरंच. माराइके दारातल्या स्टुलावर बसून हे सगळं कौतुकाने बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

साहेबांच्या वाढदिवसाला हॉटेलातला मोठा हॉल भरला होता. भिंतीवर लाल कागद, दीर्घायुष्याचं म्हणून पीच फळाचं चित्र, साहेब मधल्या टेबलावर जरीच्या कोटात. लीके झाकलेला वाडगा दोन्ही हातांत धरून गेली, वाकली आणि मी शिकवलेलं वाक्य आमच्या बोलीत म्हणाली, "बाबा, आमच्या घरून आणलंय. सगळं संपवा." उच्चार असे की लोक हसले, टाळ्या पडल्या. साहेबांचे डोळे ओलसर झाले होते, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी झाकण उचललं.

पांढऱ्या वड्या. वर कांद्याची पात नाही, लाल काही नाही. वाफ निघत होती. साहेबांचं तोंड पडलं ते तिथूनच दिसलं मला.

"हे कुणाच्या घरी शिजवलं?" त्यांनी मला विचारलं. मी लीकेला विचारलं. ती आनंदाने म्हणाली, पुलाजवळच्या टोफूवाल्या मावशींकडे. मी ते तसंच्या तसं साहेबांना सांगितलं.

तोवर सुयिंगताई दारात येऊन उभी होती. अंगावर दुकानातलाच एप्रन. हॉलमध्ये सगळ्यांच्या जेवणाच्या काड्या थांबल्या.

"खा साहेब," ती म्हणाली. "लेकीच्या हातचं आहे. एक वडी जरी उरली तरी वर मोजणारा बसलाय."

साहेबांनी वाडगा ढकलला. बायकोने तो पुन्हा पुढे ओढला, आणि रडकुंडीला येऊन सांगायला लागली की लेकीने आणलेलं टाकलं तर वर्ष निघणार नाही. साहेबांनी काड्या उचलल्या, वडी तोंडाजवळ नेली, आणि परत वाडग्यात ठेवली. आपल्याच मयताचं जेवण कोण खाईल? खाल्लं तरी गेलो, टाकलं तरी गेलो. माणूस आयुष्यभर देवळाबाहेरून जाताना आतल्या भाविकांना हसायचा, आणि आता बघा. शेजारच्या टेबलावरच्या एका म्हातारीला राहवलं नाही. ती म्हणाली, लेकीने आणलं तर खायलाच लागतं बाबा, लेकच नसेल तर गोष्ट वेगळी.

बुडत्याला दोर दिसावा तसं झालं त्यांना. वाडग्यावरचा हात काढून ते ओरडलेच, "ही माझी लेक नाही. माझी कुणी नाही ही. हा वाडगा मला लागू होत नाही."

"मग कुणाची आहे?" सुयिंगताईने विचारलं. आवाज तोच, रोज तब्येत विचारताना असतो तसा मऊ.

"तुझी आहे! तुला काय माहीत नाही? पुलावर तुझ्या हातातून घेतली मी, सगळ्या गावाने बघितलं. घेऊन जा ना आता. तुझी पोरगी घे, तुझा टोफू घे, आणि मला सोड."

मी लीकेच्या कानाशी उभी होते आणि शब्दामागून शब्द तिच्या भाषेत सांगत होते. एक गाळला नाही, एक माझ्या पदरचा घातला नाही. ती म्हणाली, "मी सापडले म्हणतोय का तो?" मी म्हटलं, नाही, घेतलं म्हणतोय. कुणाकडून, तिने विचारलं. मी दाराकडे बोट केलं.

लीके माझ्यावर चिडली. तुला आधी माहीत होतं, असं दोनदा म्हणाली. चिडू दे, तिचा हक्क आहे. पण पुढे गेली आणि साहेबांच्या पुढ्यातला वाडगा उचलून घेतला. भरल्या हॉलमध्ये कुणी तिला अडवलं नाही. ती सुयिंगताईपाशी येऊन थांबली, दोन्ही हातांत वाडगा, आणि आता काय करायचं ते तिला कळेना. सुयिंगताईने वाडग्याच्या खालून तिचे दोन्ही हात धरले. एवढ्या वर्षांनी. मग मागे वळून साहेबांना म्हणाली, "अख्खा पाट कबूल केलाय मी, तो आहेच. हा वाडगा आमचा आम्ही खातो."

दुकानात आम्ही चौघी जेवलो. माराइकेने काड्या खाली ठेवल्या होत्या. आम्ही सगळं नियमाने केलं होतं, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, प्रत्येक शिक्का होता, अजून काय विचारायला हवं होतं आम्ही? मी ते सांगितलं तेव्हा सुयिंगताईने तिच्या भांड्यात आणखी वड्या वाढल्या. "हिला सांग, हिच्यावर माझा राग नाही. राग एकच आहे, तो वाटत बसायला पुरणार नाही." पुढे रक्ताची तपासणीही झाली आणि जुळली. पण त्याची गरज साहेबांनीच संपवली होती.

जायच्या आदल्या दिवशी लीके माझ्या माडीवर आली आणि म्हणाली, मला एक वाक्य शिकव. मावशी, नाही, आई रोज साहेबांच्या बायकोला जे विचारते ते. त्याचा अर्थ काय, ते मी तिला सांगितलं, या वेळी सगळंच सांगितलं. ती पुलावरून म्हणत गेली, म्हणत परत आली, मी उच्चार सुधारत गेले.

सकाळी ती दुकानापासून हाकेच्या अंतरावरच्या साहेबांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. साहेब अंगणात पिंजऱ्यातल्या पक्ष्याला दाणे घालत होते. तिने आमच्या बोलीत, एकही चूक न करता विचारलं, "साहेबांची तब्येत कशी आहे?"

साहेबांच्या हातातून दाणे सांडले. सुयिंगताई दुकानाच्या दारात उभी होती. तिने ते ऐकलं आणि हसली, आणि तिच्या नाकावर त्याच सुरकुत्या पडल्या.